लायसन्स नसलेले गजभिये

गजभिये आमचं बेसमेंट बघायला आले तेव्हा त्यांनी भाडं विचारलं नाही, हीटिंगचं विचारलं नाही, इंटरनेटचंही नाही. बूट काढून ते जिन्यात उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून त्यांनी भिंती चाचपल्या. मग वळणापाशी थांबून, मान तिरकी करून म्हणाले, "इथून स्ट्रेचर नाही निघत, ताई."

"स्ट्रेचर कशाला निघायला हवं?"

"कशाला म्हणजे? माणसं राह्यतात ना इथं?"

व्हिटबीतल्या आमच्या घराचं बेसमेंट बघायला तोवर बरेच जण येऊन गेले होते. कोणी वॉशरूमचा नळ सोडून बघायचं, कोणी भिंतीला नाक लावून ओल हुंगायचं. जिना मोजणारा हा पहिलाच. "खुर्चीवर बसवून काढा लागते," ते स्वतःशीच बोलले. "एक माणूस वर, एक खाली. जमते." आणि जागा पसंत पडल्यासारखे हसले.

राहायला आले त्या दिवशी त्यांनी पहिलं काम केलं ते हे, की जिन्याच्या तोंडाशी असलेला आमचा चपलांचा रॅक उचलून गॅरेजमध्ये नेला. मला न विचारता. मी तो परत आणला. दुसऱ्या दिवशी रॅक पुन्हा गॅरेजमध्ये. चार दिवस आमचं असं चाललं. पाचव्या दिवशी मी नाद सोडला, आणि बर्फातल्या ओल्या बुटांची गॅरेजमध्येच सोय केली. तीच सोय जास्त बरी होती, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

ते भंडारा जिल्ह्यातले. तिकडे एका हॉस्पिटलच्या ॲम्ब्युलन्सवर बारा वर्षं टेक्निशियन होते. म्हणजे पुढे ड्रायव्हरशेजारी बसणारे नव्हे, मागे पेशंटजवळ बसणारे. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी स्टुडंट व्हिसावर कॅनडात आले. विषय घेतला सप्लाय चेन, कारण एजंटने तोच दिला. बायको आणि मुलगा मागे साकोलीला. कोर्स संपला, वर्क परमिट आलं, वेअरहाऊसमध्ये खोकी चढवायचं काम लागलं, पीआरचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचा, अर्ज गेला. ही वाट इथे येणाऱ्या पुष्कळ मराठी मुलांची आहे. पण ती मुलं पंचविशीची असतात, पीआर मिळालं की पुढचं पुढे बघू म्हणतात. गजभियेंना पुढचं पक्कं ठाऊक होतं. त्यांना परत ॲम्ब्युलन्सवर चढायचं होतं. "मला दुसरं येतच नाही जी," असं ते सांगायचे, आणि त्यात तक्रारीचा सूर नसायचा.

मी विमा कंपनीत क्लेम्स बघते. माणसं काय म्हणतात यापेक्षा कागद काय म्हणतो ते बघायची मला सवय आहे. त्यामुळे त्यांच्या लायसन्सचं काम मी पहिल्याच महिन्यात हातात घेतलं. ॲम्ब्युलन्सवर मागे बसणाऱ्याला इथे पॅरामेडिक म्हणतात आणि लायसन्सशिवाय पेशंटजवळ जाऊ देत नाहीत. इथे प्रत्येक प्रांताचं लायसन्स वेगळं. भारतातलं ट्रेनिंग इथल्या दोन वर्षांच्या कॉलेज कोर्सच्या बरोबरीचं आहे हे आधी सिद्ध करायचं, ते मान्य झालं तर प्रांताची परीक्षा. शिवाय मोठी गाडी चालवायचं वेगळं लायसन्स, पोलिसांचा दाखला, लसींची नोंद, वजन उचलायची चाचणी, इंग्रजीची चाचणी. मी यादी केली, प्रिंट काढली आणि बेसमेंटच्या फ्रिजवर लावली. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, माझा स्वतःचा नियम लिहिला: पीआर येईपर्यंत कशातही पडायचं नाही.

हा नियम मी काही शोधून काढलेला नाही. इथे आलेला प्रत्येक जण तो पाळतो. गाडीला मागून कोणी धडक दिली तरी सॉरी आपणच म्हणायचं, शेजारी भांडत असले तर खिडकी लावून घ्यायची, कुठे साक्षीला म्हणून उभं राहायचं नाही. अविनाश, माझा नवरा, तेव्हा कॅल्गरीला नोकरीवर होता आणि महिन्यातून एकदा यायचा. त्याने ती यादी बघितली आणि म्हणाला, "तू त्यांना लायसन्स मिळवून देतेयस की तुरुंगाचे नियम शिकवतेयस?" गजभिये मात्र यादीपुढे हात मागे बांधून उभे राहायचे आणि शाळेतल्यासारखं एकेक कलम वाचायचे. "ताईनं सांगितलं म्हणजे पक्कं," असं फोनवर बायकोला सांगताना मी ऐकलंय. मला त्याचं बरं वाटायचं.

वजन उचलायच्या चाचणीची तयारी त्यांनी आमच्या जिन्यात केली. आधी ग्रोसरीतून आणलेल्या आट्याच्या गोण्या. गोण्या बोलत नाहीत, घाबरत नाहीत, म्हणून मग माझी मुलगी तन्वी. ती तेव्हा सतरा वर्षांची. तिला डायनिंगच्या खुर्चीत बसवायचं, ओढणीने बांधायचं, वरची बाजू मी धरायची, खालची त्यांनी, आणि वळण घेत खाली न्यायचं. तन्वी हसून बेजार. "मॉम, ही इज कॅरिइंग मी लाइक अ फ्रिज!"

"हसू नको बाई," गजभिये खालून म्हणाले. "पेशंट हसत नसते."

"ओके, अंकल. आय ॲम डाइंग."

"मरत असली तर बोलू नको. श्वास वाचव."

त्यांचं बोलणं असं होतं. विनोद करतायत की सूचना देतायत ते चटकन कळायचं नाही.

त्यांचे ॲम्ब्युलन्समधले किस्से मला खोदून काढावे लागायचे. एकदा चहाला वर आले असताना मी विचारलं, गाडीत बाळंतपणं झाली का कधी? झाली म्हणाले. किती? चौदा. आणि कप विसळायला उठले. मग तन्वीने धरून बसवलं तेव्हा एकच सांगितलं. पावसाने नाल्याला पाणी आलेलं, गाडी अलीकडे अडकलेली, बाई मागे ओरडतेय. बाळ झालं, दोघं सुखरूप. त्या बाईच्या सासूने यांचं नाव विचारलं, नातवाला ठेवू म्हणाली. यांनी ड्रायव्हरचं नाव सांगितलं.

"व्हाय?" तन्वीने विचारलं.

"मंग? मी काय केलं? ते तर बाईनं केलं. तो बिचारा पुढं बसून तीन घंटे घाबरला ना."

दुसऱ्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना मी घसरले आणि डावं मनगट मोडलं. मी ओरडणारी बाई नाही, पण हुकूम सोडणारी आहे. बर्फात बसल्या बसल्या मी सांगायला लागले: तन्वीला फोन करा, हेल्थ कार्ड ड्रॉवरमध्ये आहे, गॅस बंद करा, माझी पर्स आणा. गजभिये वेअरहाऊसला निघाले होते. जेवणाचा डबा त्यांनी बर्फात ठेवला, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "घाई माह्याकडं द्या ताई, तुम्ही नुसत्या बसा."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं हे मला नंतर कळलं. बारा वर्षं ते पेशंटच्या नातेवाइकांना हेच सांगत आले होते. त्या वेळी मला एवढंच जाणवलं, की कोणीतरी खरोखरच माझ्या हातातून काहीतरी काढून घेतलं आणि मी गप्प झाले. मासिकाची गुंडाळी आणि तन्वीचा मफलर एवढ्यावर त्यांनी हात बांधला. हॉस्पिटलमध्ये नर्सने तो सोडताना विचारलं, हे कोणी बांधलं? मी म्हटलं, "माय टेनंट." पॅरामेडिक म्हणाले नाही. लायसन्स नसताना तसं म्हणणं बरोबर नाही, असा माझा हिशेब.

आमचा नंबर यायला सहा तास लागले. ते सहाही तास गजभिये काचेपाशी उभे होते. बाहेर ॲम्ब्युलन्स येऊन लागायच्या. दोघं उतरायचे, स्ट्रेचर काढायचे, आत द्यायचे, मग गाडीत चादर बदलायचे, कॉफी प्यायचे. मी म्हटलं, बसा जरा. "हाव," म्हणाले आणि बसले नाहीत. त्या दिवसाचा त्यांचा पगार बुडाला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी इतक्या दिवसांत न पाहिलेलं सुख होतं.

पुढच्या वसंतात चौदा एप्रिलच्या जयंतीचा कार्यक्रम झाला. आमच्या मंडळाची मी सेक्रेटरी. दरवर्षी कम्युनिटी सेंटरचा हॉल घेतो, व्याख्यान, मुलांची भाषणं, मग जेवण. हॉलच्या करारावर सही माझी असते. करारात पानभर अटी असतात: दारं अडवायची नाहीत, मेणबत्त्या लावायच्या नाहीत, काही घडलं तर जबाबदारी भाड्याने घेणाऱ्याची. मी ते पान दरवर्षी वाचते. मंडळात दुसरं कोणी वाचत नाही.

अध्यक्ष निखिल बोरकर. त्याचे वडील सहा महिन्यांसाठी नागपूरहून आले होते. सगळे त्यांना काका म्हणायचे. दुपारी जेवणं सुरू झाली होती, रांग लागली होती. काका हातात ताट घेऊन कोणाशी तरी बोलत होते आणि बोलता बोलता खाली कोसळले. ताटाचा आवाज झाला तेव्हा आधी सगळ्यांना वाटलं, ताटच पडलं.

लोक मागे सरकले. एकटा माणूस पुढे आला, म्हणून मला तो दिसला. गजभिये काकांच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसले, गाल त्यांच्या तोंडाजवळ नेला, मानेवर दोन बोटं ठेवली. सगळं सावकाश, नेहमीसारखं. आणि मी जाऊन त्यांचं मनगट धरलं.

"हात लावू नका."

"ताई, श्वास नाही आहे."

"गजभिये, लायसन्स नाहीये तुमच्याकडे. काही झालं तर? पीआर अडकेल तुमचं. नाइन-वन-वनला फोन लावलाय, येतायत ते."

"नाडी पण नाही जी—"

"मी सांगते ना! उठा."

आणि ते उठले.

का उठले, असं पुढे मला कोणी विचारलं नाही, पण उत्तर मला माहीत आहे. दीड वर्ष मी त्यांना इथले नियम सांगत होते आणि माझा एकही नियम चुकीचा निघाला नव्हता. बारा वर्षं ज्या कामात त्यांना कोणी काही सांगू शकलं नसतं, त्या कामात त्यांनी माझं ऐकलं. अडचणीत सापडलेल्याला विनामोबदला मदत करणाऱ्याला इथला कायदा संरक्षण देतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असंही नाही. माझं कामच ते आहे. त्या क्षणी सुचलं नाही असं मी म्हणू शकले असते. खरं हे, की त्या क्षणी मला करारावरची माझी सही आठवली. गजभियेंचं पीआर मी तोंडाने म्हटलं. मनात होतं ते माझं नाव.

निखिलची बायको फोनवर रडत पत्ता सांगत होती. हॉलचं नाव एक आणि सेंटरचं नाव दुसरं, त्यात गोंधळ झाला. मग कोणीतरी फोन स्पीकरवर टाकला आणि पलीकडची बाई स्पष्ट आवाजात म्हणाली, तिथे कोणी आहे का, छातीवर दाब देऊ शकेल असं? कोणीही चालेल.

त्या बाईने लायसन्स विचारलं नाही.

गजभियेंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली बसले आणि सुरू झाले. मग कुठे कोणाला तरी रिसेप्शनजवळच्या शॉक देणाऱ्या यंत्राची आठवण झाली, ते आलं, त्यांनी ते लावलं. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा ते घामाने निथळत होते. आलेल्या पोरीने त्यांच्या शेजारी बसून हात बदलता बदलता विचारलं, पडल्यापासून किती वेळ कोणी काही केलं नव्हतं?

"थ्री मिनिट्स," गजभिये म्हणाले.

"तुम्ही तिथेच होतात?"

"येस. आय वॉज स्टँडिंग."

मी चार फुटांवर होते. माझ्या हातात पाहुण्यांची यादी होती, ती मी नीट घडी घालत होते.

काका चौथ्या दिवशी हॉस्पिटलमध्येच वारले. हृदय आधीच कमजोर होतं. तीन मिनिटांनी काय फरक पडला असता हे नक्की सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी निखिलला सांगितलं. निखिलने ते मला सांगितलं. मी ते वाक्य बराच काळ जवळ बाळगलं.

लोकांचं म्हणणं वेगळं होतं. "तो म्हणे ॲम्ब्युलन्सवाला. आणि नुसता उभा?" "अगं, तिकडे खोकी उचलतो तो, कसला ॲम्ब्युलन्सवाला." शोकसभेला निखिलच्या घरी गेलो तेव्हा त्याने मला बाजूला घेतलं. रागावलेला नव्हता, थकलेला होता.

"ताई, तुमचे गजभिये आधी बसले होते ना बाबांजवळ? मग उठले काऊन? मला फक्त समजून घ्यायचंय."

"गोंधळ होता रे सगळा," मी म्हटलं. "कोणाला काही सुचत नव्हतं."

गजभिये पलीकडच्या खोलीत चपला काढत होते. त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही. त्यानंतर लोक त्यांच्याशी नीट बोलेनासे झाले, आणि ते कार्यक्रमांना यायचे थांबले. वेअरहाऊस, बेसमेंट, अभ्यास. मला अजूनही ताई म्हणत होते. बर्फ पडला की माझ्याआधी उठून शोव्हल करत होते.

लायसन्सचा कागद पुढे सरकला तो त्या वर्षीच्या शेवटी. ट्रेनिंगची बरोबरी बऱ्यापैकी मान्य झाली होती. जुन्या हॉस्पिटलच्या सुपरिंटेंडेंटने सगळी कागदपत्रं पाठवली होती. अडत होतं एकाच ठिकाणी. गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष पेशंट हाताळल्याचा पुरावा हवा होता, आणि गजभिये दोन वर्षं खोकी हाताळत होते. त्यांच्याकडे एकच पेशंट होता. त्यांनी त्याबद्दल दोन पानं लिहिली आणि ती मला दाखवायला वर आले. मी किचनमध्ये भाजी चिरत होते.

दोन पानांत सगळं होतं. केव्हा पडले, केव्हा तपासलं, केव्हा उठलो, केव्हा परत बसलो. उठण्याचं कारण एका ओळीत: लायसन्स नसताना पेशंटला हात लावू नये, असं आयोजकांपैकी एका व्यक्तीने सांगितलं आणि मी ते मानलं. माझं नाव नव्हतं.

"हे उठल्याचं लिहायलाच हवं का?" मी विचारलं.

"वेळ तर लिहा लागते जी. ॲम्ब्युलन्सवाल्यांच्या कागदात तीन मिनिटं लिहून आहेत. मी नाही लिहिलं तर खोटं होते."

"मग?"

"मंग ते साक्षीदार मागून राहिले. तिथं हजर असलेलं, नात्यातलं नसलेलं कोणी. एक पान. हे मान्य झालं तर सरळ परीक्षेला बसता येते, नाही तर दोन वर्षं कॉलेज." त्यांनी दोन्ही पानं ओट्यावर ठेवली. "तुम्ही लिहाल का? बाकीच्यांनी मला उभंच पाह्यलं. काऊन उभा होतो ते तुम्हालेच माहीत आहे. आणि तुम्ही सरळ बोलता."

मी सरळ बोलते अशी माझी ख्याती आहे. मंडळात, ऑफिसात, घरात. मी त्यांना म्हटलं, लिहिते.

तीन संध्याकाळ मी त्या पानासमोर बसले. ऑफिसात रोज मी लोकांचे जबाब वाचते. कुठे माणूस खरं लिहायचं टाळतोय ते मला दुसऱ्या ओळीत कळतं. ते पान लायसन्सच्या फाइलमध्ये जाणार, फाइलमधला कागद कुठेही जाऊ शकतो, उद्या निखिलने मागवला तर? मंडळाची सेक्रेटरी, विमा कंपनीत कामाला, आणि मरणाऱ्या माणसाजवळून मदत करणाऱ्याला उठवलं. मी लिहिलं: घटना घडली तेव्हा मी किचनच्या बाजूला होते. मी बाहेर आले तेव्हा श्री. गजभिये छातीवर दाब देत होते व ते काम ते अत्यंत कौशल्याने करत होते. त्याआधी काय झालं ते मी पाहिलेलं नाही. पुढे त्यांच्या स्वभावाबद्दल सहा ओळी होत्या. छान होत्या. सही केली आणि पाठवून दिलं.

निर्णयाचं पत्र सहा आठवड्यांनी आलं. सोबत माझ्या पानाची प्रत होती. अर्जदाराने सांगितलेल्या विलंबाच्या कारणाला साक्षीचा आधार मिळत नाही, तेव्हा हा अनुभव धरता येत नाही, अर्जदाराने कॉलेजचा पूर्ण कोर्स करावा.

रविवार होता. गजभिये दोन्ही कागद घेऊन वर आले. दारातच उभे राहिले.

"ताई, तुम्ही किचनमध्ये नव्हत्या."

"मला तसं आठवतं, गजभिये."

माझ्या मनगटाकडे त्यांचं लक्ष गेलं की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही. रागावले असते तर मी भांडले असते, भांडायला मी तयारच होते. ते म्हणाले, "हाव," आणि कागदांची घडी घालून खाली गेले.

महिन्याभरात त्यांनी शेजारच्या ऑशवा गावात चार विद्यार्थ्यांबरोबर जागा घेतली. जाताना बेसमेंट असं स्वच्छ केलं, की मला ओट्यावरून बोट फिरवायचीही हिंमत झाली नाही. चावी माझ्या हातात दिली. "येतो मॅडम," म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा मॅडम. तन्वीच्या डोक्यावर हात ठेवला, तिला इंग्रजीत काहीतरी सांगितलं, ती हसली. ती नंतर म्हणाली, "मॉम, व्हाय इज ही लीव्हिंग? डिड यू से समथिंग?" मी म्हटलं, त्यांना कॉलेज जवळ पडेल.

त्या पानाची दुरुस्ती मी लिहिली आहे. खरं सगळं आहे त्यात. मनगट धरल्याचंही. ती माझ्या मेलमध्ये ड्राफ्टमध्ये आहे. दोनदा शुद्धलेखन तपासून झालंय. दरम्यान त्यांचं पीआर आलं, असं कोणाकडून तरी कळलं. त्या सगळ्यामुळे ते अडलं नाही, एक दिवससुद्धा नाही.

गेल्या सप्टेंबरमध्ये तन्वीला कॉलेजातून आणायला गेले होते. तिला उशीर होता, मी गाडी पार्किंगमध्ये लावून बसले. समोरच्या हिरवळीवर पॅरामेडिकच्या पहिल्या वर्षाची मुलं गोल करून उभी होती, सगळ्यांचे सारखे निळे शर्ट. गवतावर दोन रबरी पुतळे आडवे टाकलेले. शिकवणारा पोरगा असेल सत्तावीस-अठ्ठावीसचा, हातात स्टॉपवॉच. एकेकाला पुढे बोलावत होता. एका मुलीला हसू आवरेना, तिला त्याने परत पाठवलं.

मग गजभिये पुढे आले. केस बरेच पिकले होते. शर्ट खांद्यावर थोडा आखूड. ते गुडघ्यांवर बसले, मानेवर दोन बोटं ठेवली, आणि त्या पोराने स्टॉपवॉच वर करायच्या आतच त्यांचे हात पुतळ्याच्या छातीवर होते आणि दाब सुरू झाला होता.

"नॉट येट, सर," शिकवणारा म्हणाला. माझी खिडकी उघडी होती, मला स्वच्छ ऐकू आलं. "मी सांगेपर्यंत थांबायचं."

बाकीची मुलं हसली, वाईट हसली असं नाही. गजभियेंनी हात काढले. दोन्ही हात खांद्यापर्यंत वर धरले, आणि त्या पोराच्या तोंडाकडे बघत थांबून राहिले.